नेण्याजोगा पिक्चर

सिनेमा पाहून आल्या की आपा आधी चूळ भरायच्या. बुरखा खुंटीला लावायच्या आधी, पंखा लावायच्या आधी, दारातल्या माठातून तांब्याभर पाणी घ्यायच्या, ओट्याच्या कडेला उभ्या राहायच्या आणि नालीत खळखळून चूळ टाकायच्या. समोरच्या ओट्यावर आम्ही दोघे-तिघे वाट पाहत बसलेले असायचो. एका चुळीत भागलं तर सिनेमा बरा. अख्खा तांब्या रिकामा झाला, तर पोस्टातले वानखडे माझ्या कानाशी येऊन म्हणायचे, "गेला. हा काही चालत नाही आता."

मग आपा बुरख्याच्या बाहीनं तोंड पुसत आमच्याकडे वळायच्या.

"ओकारी आली, भाऊ. खरं सांगतो, ओकारी आली."

हे वाक्य मी किती वेळा ऐकलं असेल याचा हिशेब माझ्याकडे नाही. हिशेबनीस माणसानं असं म्हणू नये, पण नाही. एवढं नक्की सांगतो की 'छान होता' हे शब्द मी त्यांच्या तोंडून फार थोड्या वेळा ऐकले.

अकोल्याच्या जुन्या भागातली आमची गल्ली. मुसलमान, बौद्ध, कुणबी, माळी, सगळ्यांची घरं एकमेकांना पाठ लावून उभी. आपा गल्लीच्या तोंडाशी राहायच्या आणि दारातच मशीन मांडून ब्लाउज शिवायच्या. नवरा शिंपी होता. तो गेल्यावर मशीन त्यांच्याकडे आलं. त्यांचं खरं नाव रेशनकार्डावर असेल, गल्लीत कोणाला ते लागलं नाही. सत्तरीची म्हातारीसुद्धा त्यांना आपाच, म्हणजे मोठी बहीणच, म्हणायची.

त्यांचं सिनेमाला जाणं हा शौक होता, पण नुसता शौक नव्हता. शुक्रवारी नवा सिनेमा लागला की सोमवारपर्यंत बायका कापड घेऊन दारात उभ्या राहायच्या: "आपा, तिचा तसा गळा पाहिजे." कोणता गळा ते आपांना आधी माहीत असायला हवं. म्हणून त्या शुक्रवारचा पहिला खेळ पाहायच्या आणि परत येऊन वर्तमानपत्राच्या कागदावर गळा कापून ठेवायच्या. त्यांच्या सख्ख्या भावाला हे पसंत नव्हतं. तो पलीकडच्या गल्लीत राहायचा, दाढी पांढरी, आवाज मोठा. जुम्म्याच्या दिवशी सिनेमा म्हणजे काय, असं तो दारात उभा राहून विचारायचा. आपा सुईत दोरा ओवत म्हणायच्या, "धंदा है, भाईजान. आप टोपी बेचते, मैं गला काटती."

गळ्याबरोबर त्या मत घेऊन यायच्या, आणि त्या मतावर आमच्या गल्लीतल्या बायकांचा गुरुवार अवलंबून असायचा.

तो प्रकार सांगायला हवा, कारण आता कोणाला खरा वाटणार नाही. गल्लीतल्या घरांमधून सुनांना, पोरींना एकट्यानं सिनेमाला जायची मुभा नव्हती. नवऱ्यांना वेळ नव्हता, आणि असला तरी बायकोला घेऊन टॉकीजमध्ये बसायची लाज वाटायची. पण आपांसोबत जायला कोणाची ना नसे. त्यांनी शुक्रवारी पाहिलेला असायचा. त्या 'न्याजोगा आहे' म्हणाल्या की गुरुवारी तीनच्या खेळाला दहा-बारा बायका निघायच्या. 'न्याजोगा नाही' म्हणाल्या की त्या गुरुवारी कोणी चप्पल घालत नसे. सेन्सॉर बोर्ड मुंबईत बसून काय करायचं ते करो, आमच्या गल्लीचं बोर्ड मशीनवर पाय ठेवून बसलेलं होतं.

टॉकीजवाल्यालाही हे ठाऊक होतं. गुरुवारी दुपारी तो बायकांची बाल्कनी झाडून ठेवायचा. एरवी त्या टॉकीजची काय दशा होती ते मी पाहिलं आहे: भिंतींवर कमरेएवढ्या उंचीपर्यंत पानाच्या पिचकाऱ्या, खुर्च्यांचा काथ्या बाहेर, आणि मुतारीचा वास पडद्यापर्यंत. आपा बाल्कनीत रांगेच्या टोकाच्या खुर्चीवर बसायच्या. त्यांना ओलांडल्याशिवाय कोणी आत येऊ शकत नसे, बाहेरही जाऊ शकत नसे.

या बायकांत सुनंदा होती. आमच्या शेजारच्या सरकी-ढेपेच्या, म्हणजे गुरांच्या पेंडीच्या, दुकानवाल्यांची सून, चांदूर बाजारकडची. तिची सासू, म्हणजे गल्लीच्या काकू, कडक. माहेर वर्षातून एकदा, मंदिर काकूंसोबत, आणि गुरुवार आपांसोबत. बाकी तिचं बाहेर जाणं नव्हतंच. सिनेमा तिला अक्षरन् अक्षर पाठ व्हायचा. माप द्यायला म्हणून ती आपांकडे यायची आणि टेप अंगाभोवती असतानाच खलनायकाचे संवाद म्हणून दाखवायची. आपा ओरडायच्या, "हालू नको वो पोट्टे, खांदा तिरपा शिवल्या जाईन!" माझी बायको खिडकीतून ते ऐकत म्हणायची, "तिचं तेवढंच आहे हो. तेवढं राहू दे देवा."

आता ओट्यावरच्या चर्चा. तुम्हीही असे ओटे पाहिले असतील, जिथं सिनेमा पाहिलेले चार आणि न पाहिलेले चौदा सारख्याच अधिकारानं बोलतात. आमच्या ओट्यावर शुक्रवारी संध्याकाळी वानखडे, मी, सुनंदाचा नवरा राजू, भजनी मंडळातले एक मास्तर, असे जमायचो. आपा त्यांच्या दारातून बोलायच्या, आम्ही आमच्या ओट्यावरून. मध्ये गल्ली.

एकदा शेतीवरचा म्हणून एक सिनेमा आला. परदेशातून शिकून आलेला नायक, आणि कापूस वेचताना गाणारी नायिका. वानखड्यांना फार आवडला होता. आपा तांब्या रिकामा करून आल्या.

"एका हातानं कापूस वेचते अन् दुसऱ्या हातानं केसं उडवते. ओटी कुठी आहे तिची? वेचलेला कापूस काय हवेत टाकते?"

कमरेला कापूस साठवायची ओटी बांधल्याशिवाय वेचणारीण शेतात पाय टाकत नाही, हे अकोल्यात कोणाला सांगावं लागत नाही. पण पडद्यावर ती नाही, हे आमच्यापैकी कोणाच्या लक्षात आलं नव्हतं.

"आपा, गाणं आहे ते," वानखडे म्हणाले.

"गाणं असलं म्हून काय झालं? अन् ब्लाउज पाह्यलं काय तुमी? पाठीवर नुसती दोरी. वावरात असं ब्लाउज घालून जाय म्हणा, संध्याकाळी पाठीची पापडी होते."

दुसऱ्या एका सिनेमात भलंमोठं घर होतं, दोन्हीकडून उतरणारा जिना, झुंबर, पन्नास माणसं जेवायला. सगळे सारखे रडत होते आणि सारखे नाचत होते. राजू म्हणाला, "एकदम फॅमिली पिक्चर आहे, आपा."

"कोणाची फॅमिली रे? त्या घरात कोणाच्या हाती झाडू पाह्यला तू? पन्नास माणसं जेवली, एक भांडं तरी घासलं कोणी? मले तर ते घर पाहूनच किळस आली. सोन्याचं आहे, पण बिनझाडलेलं."

मनातून मी आपांच्या बाजूनं होतो. कापसाची ती वाईट वर्षं होती. मी ज्या सहकारी संस्थेत हिशेब लिहायचो, तिच्या आवारात त्या आठवड्यात गाड्या उभ्या होत्या आणि मोजणी पुढं सरकत नव्हती. बैल उन्हात मान टाकून बसलेले. तिथून निघून मी टॉकीजमध्ये गेलो तर पडद्यावर लग्नातल्या वऱ्हाडावर हेलिकॉप्टरातून फुलं पडत होती. सिनेमानं खोटं दाखवावं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण इतकं निर्लज्जपणे खोटं, आणि तेही याच प्रेक्षकांना विकायचं, याची मला शिसारी आली. घरी येऊन मीही चूळ भरली. बायकोनं विचारलं, "तुम्हाला काय झालं?"

आपा न्यायानं बोलायच्या असंही नाही. हे लिहून ठेवायला हवं. एका अगदी टुकार सिनेमाची त्यांनी महिनाभर स्तुती केली, कारण त्यातल्या आईचं ब्लाउज कोपरापर्यंत बाह्यांचं होतं आणि त्याला सुरेख गोट लावलेला होता. आणि एका चांगल्या सिनेमाला त्यांनी 'न्याजोगा नाही' ठरवलं, कारण त्यात एक पोरगी बापाला उलट बोलते. सुनंदा त्या गुरुवारी त्यांच्या दारात उभी राहून म्हणाली, "आपा, एक डाव पाह्यलं तर काय होते?" आपांनी मान वर केली नाही. "मले तुह्या सासूले तोंड दाखवायचं आहे." सुनंदा गेली. आपांनी मशीन पुन्हा सुरू केलं, मग थांबवलं, आणि शिवलेला टाका उसवत बसल्या.

टॉकीजचे दिवस फिरले ते याच वर्षांत. पूर्वी कापूस विकला की गावाकडची माणसं रिकाम्या गाड्या टॉकीजसमोर सोडून सिनेमाला बसायची. बैल बाहेर रवंथ करत, माणसं आत. ते थांबलं. पातूरकडून, बार्शीटाकळीकडून येणारी गर्दी आटली. मग टॉकीजवाल्यानं सकाळचे खेळ सुरू केले. ते कसले सिनेमे ते पोस्टरवरून कळायचं: बाईचं चित्र आणि त्यावर ठिकठिकाणी डांबराचे पट्टे. मूळ सिनेमात तसं फारसं काही नसायचं, म्हणून मध्येच दुसऱ्या कुठल्यातरी घाणेरड्या फिल्मचा एक तुकडा चिकटवायचे. लोक त्या तुकड्यासाठी यायचे. सकाळी तो पडदा असा मळवायचा, आणि दुपारी त्याच पडद्यावर घरगुती सिनेमा लावायचा.

आपांना हे माहीत होतं. त्या पोस्टरसमोरून जाताना नाकाला बुरखा लावायच्या. पण दुपारचा खेळ वेगळा, असं त्या मानून चालल्या. आम्हीही.

पुढचं मी पाहिलेलं नाही. बायकोनं सांगितलं तसं लिहितो.

त्या गुरुवारी सकाळच्या खेळाच्या रिळांची पेटी अमरावतीहून आलीच नाही. बस चुकली म्हणे. टॉकीजवाल्यानं डोकं चालवलं. दुपारचाच घरगुती सिनेमा त्यानं सकाळी लावला आणि त्यातच हाताशी असलेला तो तुकडा चिकटवला. सकाळचं गिऱ्हाईक खूश. तीनच्या आधी तो काढायचा होता. काढायचा राहिला.

पडद्यावर सून सासऱ्यांना चहा देत होती. आपांनी शुक्रवारी पाहिलेला, 'न्याजोगा' ठरवलेला सिनेमा. चहाचा कप टेबलावर टेकला आणि पुढच्या क्षणी पडद्यावर दुसरंच काही सुरू झालं. माझी बायको म्हणते, पहिल्यांदा कोणाला कळलंच नाही. मग खालून, पुरुषांच्या भागातून शिट्ट्या सुरू झाल्या, आणि खालची माणसं पडदा सोडून वर वळून बाल्कनीकडे पाहायला लागली. बायका कशा दिसतात ते पाहायला. आपा उठल्या, रांगेसमोर उभ्या राहिल्या, दोन्ही हातांनी बुरखा पसरला आणि ओरडल्या, "उठा! सगळ्या उठा! खाली पाहून चाला!"

बायका एका मागोमाग एक घरी आल्या. आपा सगळ्यात मागं होत्या.

संध्याकाळपर्यंत घराघरांत निकाल लागले. सिनेमा बंद. काकूंनी सुनंदाला फक्त एवढं म्हटलं, "झालं तुहं पाहणं." आमच्या ओट्यावर राजू सगळ्यात मोठ्यानं बोलत होता. "आपाले अक्कल नाही काय? घरातल्या बायांले असं दाखवते? पाहून आली होती ना ते?" भजनी मास्तर मान हलवत होते. समोर आपांचं दार अर्धं लावलेलं होतं आणि त्यांना ते सगळं ऐकू जात होतं. मी म्हणालो, "राजू, चूक टॉकीजवाल्याची आहे." तो म्हणाला, "शब्द तर आपाचा होता ना, काका?"

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, आपा नव्या सिनेमाला गेल्या नाहीत. त्या टॉकीजवाल्याकडे गेल्या. वानखडे आणि मी सोबत होतो. टॉकीजवाला केबिनमध्ये बसला होता, समोर थंड झालेला चहा. तो वाईट माणूस होता असं मला म्हणवत नाही. थकलेला होता.

"आपा, गावातले लोक येत नाही. आठ-आठ माणसांवर खेळ चालवून राहिलो. मी काय करू?"

"म्हून माह्या पोरींच्या अंगावर थुंकला तू?"

"चूक झाली. पुढच्या गुरुवारी सगळ्यांले फुकट. समोसासुद्धा माह्याकडून."

मला वाटलं, आता शिव्या. पण त्या हळू बोलल्या. "शिवी द्याले तोंड उघडावं लागते रे. तुह्यासमोर तोंड उघडाची किळस येते."

परत येताना वानखड्यांनी त्यांना धीर द्यायचा प्रयत्न केला. लोक विसरतील, चार आठवडे जाऊ द्या. आपा म्हणाल्या, "माणसं विसरतीन, वानखडेभाऊ. बंद केलेलं दार कोणी विसरत नाही. मले घाला म्हणा बंदी. त्या सुनंदाचं काय चुकलं?"

रविवारी सकाळी मी पिशवी घेऊन भाजीबाजारात निघालो होतो. रस्ता टॉकीजवरून जातो. सायकल स्टँडकडे माझं लक्ष गेलं आणि मी थांबलो. स्टँड भरलेलं होतं. कित्येक महिन्यांत मी ते तसं पाहिलं नव्हतं. आणि त्यातल्या पुष्कळ सायकली माझ्या ओळखीच्या होत्या. राजूची स्कूटर होती, सीटवर ढेपेची भुकटी. भजनी मास्तरांची सायकल होती, हँडलला टाळांची थैली लटकवलेली.

बायकांनी काय पाहिलं याची चर्चा तीन दिवस गल्लीत चालली होती. ती ऐकून ही माणसं सकाळच्या खेळाला तोच तुकडा पाहायला आली होती.

मी आयुष्यात बरीच घाण पाहिली आहे; सहकारी संस्थेत ती पाहावीच लागते. पण त्या सायकलींकडे पाहून मला जे वाटलं ते वेगळंच होतं. हीच माणसं गुरुवारी रात्री घरातल्या बायकांना संस्कार सांगत होती.

तेवढ्यात मला आपा दिसल्या. टॉकीजच्या फाटकासमोर, नालीवरच्या पुलियावर बसलेल्या, बुरख्याचा तोंडावरचा भाग मागं टाकलेला, गळ्यात मापाची टेप. त्यांनीही स्टँड पाहिलं होतं. मला पाहून त्या म्हणाल्या, "या भाऊ, बसा. खेळ सुटाले आला."

खेळ सुटला. पुरुष खाली मान घालून, उन्हात डोळे मिचकावत बाहेर यायला लागले. पहिला राजू.

"काय रे राजू, कसा होता पिक्चर?"

तो जागीच थबकला. "आपा? तुमी इथी?"

"मत घ्याले आली बाप्पा. मी पुरा पाह्यला नाही ना. तू सांग. न्याजोगा आहे काय? सुनंदाले आणू गुरुवारी?"

"आपा, हळू बोला ना."

"काहून हळू? ओट्यावर तर भल्ला जोरात बोलत होता. सांग ना, फॅमिली पिक्चर आहे काय?"

मागून येणारे थांबले. पुढं जावं तर आपांसमोरून, मागं जावं तर टॉकीजमध्ये. मास्तर दुपट्ट्यानं तोंड झाकून कडेनं निघाले होते.

"मास्तर, दुपट्टा काढा ना! गळ्याचं डिझाईन कसं होतं तेवढं सांगून जा. घरी वहिनीच्या मापाचं शिवून देतो."

कोणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. आपा बसल्या जागेवरून एकेकाला हाक मारत होत्या. प्रत्येकाला नावानं, आणि प्रत्येकाच्या बायकोचं नाव घेऊन. गल्लीतल्या एकूण एक बाईचं माप त्यांना तोंडपाठ होतं, मग नावं काय अवघड. "तुमच्या घरी काय सांगू? आवडला म्हणू? मंदाबाई विचारतीन मले." चढ्या आवाजात नाही, भाव विचारावा तशा. मी पिशवी हातात घेऊन उभा होतो आणि मला खरं सांगायचं तर हसू येत होतं.

मग गर्दीतून त्यांचा भाऊ बाहेर आला. पांढऱ्या दाढीचा.

आपा उठून उभ्या राहिल्या. "सलाम, भाईजान," त्या म्हणाल्या. "पिक्चर कैसी थी?"

तो सायकल स्टँडकडे वळला. आपांनी बुरखा तोंडावर ओढून घेतला आणि त्या चालायला लागल्या. मी मागोमाग निघालो. माझं हसू गेलं होतं. गल्लीपर्यंत त्या बुरख्याच्या आतून नाक ओढत होत्या, आणि मी भाजी न घेताच परत आलो हे मला घरी आल्यावर कळलं.

तुम्हाला वाटेल, पुरुष शरमले असतील. शरमले, पण शरमलेला माणूस रागावतो. दोन दिवसांत आपांच्या दारातून कापडं परत जायला लागली. पोरं यायची आणि सांगायची, "आईनं ब्लाउजपीस वापस मागितलं." आपा घडी घालून द्यायच्या. त्यांचं तोंड फार चालतं, असं ओट्यावर म्हणायला सुरुवात झाली. मी ओट्यावर बसणं सोडलं. वानखड्यांनीही सोडलं.

गुरुवार आला. मी अर्धी रजा घेऊन घरी होतो. खिडकीतून दिसत होतं: आपा मशीनवर बसलेल्या, मशीनवर कापड नाही. त्या पाय उगाच हलवत होत्या.

अडीचच्या सुमाराला शेजारचं दार उघडलं आणि काकू बाहेर आल्या. सुनंदाला हाताला धरून. काकू कधी आपांच्या दारात गेल्या नव्हत्या. माप द्यायलाही आपांना बोलावून घ्यायच्या. त्या ओट्याच्या पायरीपाशी उभ्या राहिल्या.

"घेऊन जा हिले."

आपा उठल्या. "काकू, या डाव मी पिक्चर पाह्यला नाही. कसा आहे मले माहीत नाही. माह्यानं शब्द देणं होत नाही."

"शब्द कोण मागून राह्यलं तुले?" काकू म्हणाल्या. "खराब असला तर उठून येईन. पाय आहेत ना तिले."

राजू ओट्यावर होता. तो म्हणाला, "आई, अवं..." काकूंनी मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. "तू बोलू नको. तुहं मत कळलं मले रविवारी."

माझ्या बायकोनं माझ्याकडे पाहिलंही नाही. तिनं चपला घातल्या आणि ती बाहेर पडली. वानखडेबाई निघाल्या. चौघी गेल्या. बाकीची दारं बंद राहिली, पण खिडक्या उघड्या होत्या.

त्या परत आल्या तेव्हा सुनंदा पुढं होती. मी, वानखडे, काकू, आम्ही सगळे बाहेर उभे. आपांनी तोंड उघडायच्या आत सुनंदा म्हणाली, "बंडल होता! एकदम बंडल! तो हिरो लढाईत मरते अन् केस विस्कटत नाही त्याचा!" ती गल्लीत, पुरुषांसमोर, सासूसमोर, मोठ्यानं बोलत होती. आपा मागून म्हणाल्या, "पाह्यलं? हिनं मले बोलूच नाही दिलं पुऱ्या पिक्चरभर." आणि त्या हसल्या. बायको सांगते, टॉकीजमध्ये अख्ख्या बाल्कनीत या चौघीच होत्या, आणि चौघी मिळून पडद्याला शिव्या देत होत्या.

पुढचे गुरुवार झाले; कधी चौघी, कधी सहा. पूर्वीची रांग पुन्हा लागली नाही. आपांकडे कापडं थोडी परत आली, थोडी आली नाहीत. टॉकीज त्यानंतर फार टिकली नाही. फाटकाला कुलूप लागलं, मग आत खताची पोती ठेवायला लागले. तयार ब्लाउजही तेव्हाच बाजारात आले. आपा एक दिवस मशीन टेम्पोत घालून पातूरला मुलाकडे गेल्या. जाताना सुनंदाला म्हणाल्या, "खांदा तिरपा आहे तुहा, नव्या शिंप्याले सांगजो." सुनंदा रडत होती.

त्या वारल्याचं कळलं तेव्हा बायको आणि मी पातूरला जाऊन आलो. घर लहान, अंगणात शेवग्याचं झाड. खोलीत टीव्ही होता, आणि टीव्हीला पडदा शिवलेला: जांभळ्या ब्लाउजपीसचा, कडेला गोट, एका बाजूला ओढायची नाडी. माझी बायको त्याच्याकडे पाहत राहिली. आपांच्या सुनेनं सांगितलं, मोहल्ल्यातल्या पोरी रविवारी दुपारी इथं सिनेमा पाहायला जमायच्या. अम्मी नाडी हातात धरून टीव्हीशेजारी बसायच्या. टीव्हीवर काही वंगाळ आलं की नाडी ओढायच्या, आणि ते संपेपर्यंत तो सिनेमा कोणी काढला, का काढला, त्याला लाज कशी नाही, हे सांगत राहायच्या.

"आता पोरी येतात की नाही?" बायकोनं विचारलं.

"येतात ना. आता तर पुरा पाहतात, कोणी पडदा ओढत नाही. पण अर्ध्यातच उठून जातात, काकू. म्हणतात, मजा नाही येत. शिव्या द्याले कोणी नाही."